आधी जागा, मग कारण, शेवटी फिल्म : न्यूरॉलॉजीचे टीचिंग राउंड आणि केस कॉन्फरन्स कसे घ्यावेत

न्यूरॉलॉजीच्या टीचिंग राउंडमध्ये सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक एकच आहे. रेसिडेंट रुग्णाचं वय आणि तक्रार सांगतो आणि तिसऱ्याच वाक्यात एमआरआयचा रिपोर्ट वाचतो. त्यानंतर रिफ्लेक्स तपासायचा हॅमर खिशातून निघाला काय, न निघाला काय, सारखंच. उत्तर आधी कळलं की तपासणी उत्तराला साजेशी होते. मेंदूच्या डाव्या बाजूचा इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) दिसलाय म्हटल्यावर उजवे जर्क (हॅमर मारल्यावर येणारे झटके) आपोआप 'ब्रिस्क', म्हणजे जास्त, वाटायला लागतात. असा राउंड तीन वर्षं केला तरी रुग्णाच्या अंगावरून जागा, म्हणजे मज्जासंस्थेत बिघाड नेमका कुठे आहे ते, शोधण्याची सवय लागत नाही.

हा लेख सांगली-मिरज पट्ट्यातल्या विभागांसाठी आहे. इथे दोन-तीन न्यूरॉलॉजिस्ट, मोजके डीएम किंवा डीआरएनबी (एमडीनंतरचं न्यूरॉलॉजीचं शिक्षण) करणारे रेसिडेंट, सोबत मेडिसिनचे रोटेशनवरचे रेसिडेंट असतात. रुग्ण जत, आटपाडी, शिराळ्यापासून ते सीमेपलीकडच्या अथणी-जमखंडीपर्यंतचे असतात. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करावेत. बहुतेक गडबड क्रम उलटल्यानं होते.

टप्पा १ : कामाचा राउंड आणि शिकवण्याचा राउंड वेगळे ठेवा

सकाळचा कामाचा राउंड म्हणजे सगळे रुग्ण बघणं, औषधं बदलणं, डिस्चार्ज ठरवणं. त्यातच 'जाता जाता शिकवू' म्हटलं की दोन्ही अर्धवट राहतात. शिकवायला स्वतंत्र वेळ लागते. लहान विभागाला झेपेल अशी मांडणी:

- टीचिंग राउंड आठवड्यातून दोनदा, ९० मिनिटं, रुग्ण जास्तीत जास्त तीन.
- केस कॉन्फरन्स आठवड्यातून एकदा, ६० मिनिटं, रुग्ण एकच.
- रेडिऑलॉजी मीटिंग आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटं, रेडिऑलॉजिस्टसोबत.
- ईईजी आणि नर्व्ह कंडक्शनचं वाचन आठवड्याआड.
- जर्नल क्लब पंधरवड्याला, मृत्यू आणि गुंतागुंतीचा आढावा महिन्याला.

ओपीडीच्या गर्दीच्या दिवशी टीचिंग राउंड ठेवू नका. ओपीडीतून तीन फोन आले की सीनिअरचं लक्ष उडतं आणि रेसिडेंटही 'लवकर संपवूया' या घाईत जातो.

सावध : स्ट्रोकचा फोन ज्याच्याकडे आहे, त्या रेसिडेंटला राउंडमधून मोकळं ठेवा. शिरेतून गुठळी विरघळवण्याची खिडकी साधारण ४.५ तासांची असते. जतहून रुग्ण येईपर्यंत त्यातला बराचसा वेळ रस्त्यावर गेलेला असतो. वेळेचं गणित 'शेवटचं ठीक कधी पाहिलं' तिथून सुरू होतं, नातेवाइकांच्या कधी लक्षात आलं तिथून नव्हे. असा रुग्ण राउंडसाठी थांबवायचा नसतो आणि राउंड संपण्याची वाटही बघायची नसते.

टप्पा २ : रुग्ण आदल्या दिवशी निवडा, परवानगी घ्या

दुर्मिळ आजारच शिकवायला लागतो असं नाही. पायात मुंग्या येणारा मधुमेही रुग्ण, ज्याचा एक घोटा मात्र लटकतोय, तो पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला कुठल्याही दुर्मिळ सिंड्रोमपेक्षा जास्त शिकवतो. निवडताना एवढंच बघा : या रुग्णाच्या अंगावर अशी एखादी खूण आहे का, जी दाखवता येईल आणि जिच्यावरून जागा ठरवता येईल?

वेळही जुळवावी लागते. मायस्थेनियाचा (स्नायू वापरानं थकत जाण्याचा आजार) रुग्ण सकाळी औषध घेतल्यावर ठणठणीत दिसतो आणि संध्याकाळी पापण्या उघडत नाहीत. पायरिडोस्टिग्मिनची शेवटची गोळी कधी घेतली ते केस पेपरवर लिहा. पार्किन्सनच्या रुग्णात लेव्होडोपाच्या गोळीची वेळ लिहा. गोळी घेतल्यावर पाऊण-एक तासानं बघितलेला रुग्ण आणि पुढच्या गोळीआधीचा रुग्ण ही दोन वेगळी माणसं वाटतात. राउंडसाठी म्हणून गोळी मागे-पुढे करू नका, राउंडची वेळ हलवा.

परवानगी रुग्णाच्या भाषेत मागा : "उद्या आठ-दहा डॉक्टर येतील, तुमचे हातपाय तपासतील, आपापसात बोलतील. चालेल का? नको वाटलं तर सांगा, उपचारात काही फरक पडणार नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. फिटचा किंवा कंपाचा व्हिडिओ घ्यायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी आणि लेखी.

टप्पा ३ : हिस्टरी, रुग्णाच्या शब्दांत

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. आपल्या भागातला रुग्ण 'हेमिपॅरेसिस' (अर्ध्या अंगाची कमजोरी) सांगत नाही. तो म्हणतो, "अंगावरून वारं गेलं." त्याचं लगेच भाषांतर करून केस पेपरवर इंग्रजी शब्द ठोकू नका. आधी त्याचा शब्द जसाच्या तसा लिहा, मग फोडा.

'चक्कर' या एका शब्दात तीन-चार गोष्टी असतात : भोवताल गरगर फिरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, चालताना तोल जाणं, आणि नुसतंच गळून गेल्यासारखं वाटणं. पहिली कानाच्या आतल्या भागाकडे किंवा लहान मेंदूकडे नेते, दुसरी रक्तदाबाकडे आणि हृदयाकडे, तिसरी लहान मेंदूकडे किंवा पायांच्या संवेदनेकडे. 'बधिर' म्हणणाऱ्याला विचारा : स्पर्श कळत नाही, की हात जड झालाय? अनेकांना जडपणा, म्हणजे कमजोरी, सांगायची असते. 'आकडी' म्हणजे फिट असेलच असं नाही, पायाचा गोळाही असू शकतो. घरच्यांच्या मोबाइलवर व्हिडिओ आहे का ते विचारा. फिटच्या वेळी डोळे उघडे होते की घट्ट मिटलेले, हे त्या वीस सेकंदांत दिसतं.

मग रोजच्या कामांचे प्रश्न. ही यादी प्रत्येक रेसिडेंटला पाठ हवी, कारण यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक तपासणी आहे :

- पायातली चप्पल निसटते का? निसटली हे कळतं का? कळूनही धरून ठेवता येत नसेल तर घोट्या-बोटांची कमजोरी. चार पावलं पुढे गेल्यावर कुणी सांगितलं तेव्हा कळलं, तर संवेदना गेलीय.
- उकिडवं बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता येतं का? मांडी आणि कंबरेचे स्नायू.
- वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का, केस विंचरता येतात का? खांदा.
- घास कालवता येतो का, शर्टाचं बटण लागतं का? बोटं.
- अंथरुणात कूस बदलता येते का? धडाचे स्नायू.
- तोंड धुताना डोळ्यांवर पाणी मारलं की तोल जातो का? डोळे मिटल्यावर जाणारा तोल पोझिशन सेन्सकडे (हातपाय कुठे आहेत याची जाणीव) बोट दाखवतो.
- अंघोळीचं पाणी गार-गरम दोन्ही पायांवर सारखंच लागतं का? स्पायनोथॅलॅमिक मार्ग, म्हणजे वेदना आणि गार-गरम मेंदूकडे नेणारा.
- पाणी पिताना नाकातून येतं का, ठसका लागतो का? टाळू आणि घसा.

चप्पलचा प्रश्न विचारून रेसिडेंट पुढे सरकतो आणि 'कळतं का' हा दुसरा भाग गाळतो. अर्धा प्रश्न विचारलेला न विचारल्यासारखाच.

यानंतर वेगाची रेघ काढा. कागदावर आडवी रेघ म्हणजे काळ, उभी म्हणजे रुग्णाला किती जमतं ते. क्षणात खाली आदळणारी रेघ रक्तवाहिनीची. तास-दिवसांत उतरणारी रेघ दाह किंवा संसर्गाची. आठवडे-महिन्यांत घसरणारी गाठ, क्षयरोग, दाब यांची. वर्षानुवर्षांची झीज किंवा आनुवंशिक आजाराची. पडून, सावरून, पुन्हा पडणारी रेघ मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारांची. रेघ काढायला दोन मिनिटं लागतात, पण ती नसेल तर कारणांची यादी हवेत राहते.

तपासा : रुग्ण कन्नड बोलणारा असेल तर भाषेची तपासणी नातेवाइकांमार्फत करू नका. नातेवाईक तुटकं वाक्य जोडून नीट करून सांगतो आणि अफेजिया (मेंदूतल्या बिघाडानं भाषा जाणं) हातातून सुटतो. कन्नड येणाऱ्या सिस्टर किंवा सहकाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. त्यांना एक गोष्ट बजावा : रुग्ण जे बोलला तेच सांगायचं, दुरुस्ती करायची नाही.

टप्पा ४ : तपासणी आदल्या संध्याकाळी, सगळं साहित्य हाताशी ठेवून

ट्रेमध्ये एवढं हवं : लांब दांड्याचा हॅमर, १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, कापूस, एकदाच वापरून टाकायच्या टाचण्या, टॉर्च, ऑफ्थॅल्मोस्कोप, लाल डोक्याची टाचणी, मोजपट्टी, मराठी अक्षरांचा वाचन-तक्ता, किल्ली आणि खोडरबर (डोळे मिटून वस्तू ओळखायला), कॉफी आणि साबण. वासासाठी बाम किंवा पेपरमिंट नको. ते नाकाला झोंबतं आणि ट्रायजेमिनल नर्व्हमधून कळतं, वासाच्या नर्व्हमधून नव्हे. ५१२ चा फोर्क कानासाठी असतो. कंपनाच्या संवेदनेला तो वापरला की 'व्हायब्रेशन कमी' असा खोटा निष्कर्ष निघतो.

बाहुली मोठी करणारे थेंब टाकून फंडस (डोळ्याचा आतला पडदा) बघणार असाल तर वेळ केस पेपरवर लिहा. नाहीतर रात्रीची ड्यूटी त्याच बाहुल्या बघून धावत सुटते. ज्यांच्या बाहुल्यांवर नजर ठेवायची आहे, त्यांच्यात थेंब टाकायचेच नाहीत.

प्लँटरबद्दल (तळवा घासल्यावर पायाचा अंगठा वर जातो की खाली, ही खूण) जास्त लिहावं लागतंय, कारण आपल्याकडे तो सर्रास चुकीचा निघतो. शेतात अनवाणी राबलेल्या माणसाचे तळवे जाड आणि भेगाळलेले असतात. हॅमरच्या टोकानं घासलं तरी काही होत नाही, आणि रेसिडेंट 'म्यूट' (प्रतिसादच नाही) लिहून मोकळा होतो. आधी पाय कोमट पाण्यानं धुऊन पुसा. रुग्णाला उताणं झोपवा, गुडघा सरळ, पाय सैल. टाचेच्या बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून बाहेरच्या कडेनंच वर या, करंगळीच्या मुळाशी पोचल्यावर आत वळा आणि अंगठ्याच्या मुळाआधी थांबा. वेग सावकाश, पाच-सहा सेकंदांचा. बघायची ती अंगठ्याची पहिली हालचाल. नंतरचं पाय ओढून घेणं हा वेगळा प्रतिसाद. तळवा फारच जाड असेल तर घोट्याच्या बाहेरच्या हाडाखालून पायाच्या बाहेरच्या कडेनं घासा. त्याला चॅडॉक म्हणतात, तिथली कातडी मऊ असते. दोन्ही पायांत दोनदा करा. शंका राहिली तर 'शंकास्पद' लिहा, 'म्यूट' नको.

जर्क येत नाही असं लिहिण्याआधी रुग्णाला दात आवळायला किंवा हाताची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला लावून पुन्हा बघा. संवेदनेची पातळी खालून वर शोधा, टाचणी पायापासून वर सरकवत. स्तनाग्र म्हणजे टी४, बेंबी म्हणजे टी१० (टी म्हणजे मज्जारज्जूचा छातीचा भाग, पुढे त्यातल्या सेगमेंटचा क्रमांक). पाठीवरूनही बघा, कारण नुसतं पोटावरून काढलेली पातळी अनेकदा फसवते.

दिवस-वार विचारताना रुग्णाचं जग लक्षात ठेवा. शाळेत न गेलेल्या आजींना इंग्रजी तारीख विचारून 'ओरिएंटेशन नाही' लिहिणं चूक. त्यांना तिथी, सण, बेंदूर झाला की व्हायचाय, हे विचारा. शंभरातून सात वजा करण्याऐवजी 'शंभराची नोट दिली, त्रेसष्टचा माल घेतला, सुट्टे किती?' विचारा. वार उलटे म्हणायला लावा.

टप्पा ५ : एक पान, फिल्म न बघता

ही सगळ्या कामाची मूठ आहे. राउंडच्या आदल्या रात्री प्रेझेंट करणाऱ्या रेसिडेंटनं एकच पान लिहायचं. त्यात एमआरआय, सीटीचा उल्लेख नाही. पानाचे चार भाग :

(अ) तीन वाक्यांत रुग्ण. (आ) जागा ठरवणाऱ्या खुणा, ज्या आहेत त्या आणि ज्या नाहीत त्याही. (इ) जागा : इथेच का, याच्या वर का नाही, खाली का नाही. (ई) कारणं तीन : सगळ्यात संभवनीय, सुटलं तर घात करणारं, आणि उपचारानं बरं होण्यासारखं.

(आ) मधल्या 'नाहीत' ला रेसिडेंट हात लावत नाहीत, आणि जागा मात्र तिथेच ठरते. एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू.

समजा, जत तालुक्यातले ४५ वर्षांचे शेतमजूर. दोन महिन्यांपासून दोन्ही पाय ताठ होतात, ओढत चालतात. पोटाला पट्टा आवळल्यासारखं वाटतं. आठ दिवसांपासून लघवी तुंबतेय. हातांना काही नाही. सोबत कंबरेचा एमआरआय आहे, त्यात 'एल४-एल५ डिस्क बल्ज' लिहिलंय आणि कंबरेच्या पट्ट्यावर दीड महिना गेलाय.

पान असं होईल. दोन्ही पायांत टोन वाढलेला, गुडघ्याचे आणि घोट्याचे जर्क जास्त, क्लोनस (घोटा झटक्यात वर ढकलला की पाय थडथडत राहणं) आहे, दोन्ही प्लँटर वर. म्हणजे बिघाड अप्पर मोटर न्यूरॉनमध्ये, मेंदूपासून मज्जारज्जूत उतरणाऱ्या मार्गात. मज्जारज्जू प्रौढांत साधारण एल१-एल२ मणक्यापाशी संपतो. एल४-एल५ ला फक्त नसांचा जुडगा असतो. तिथला दाब पाय लुळे करेल, जर्क घालवेल, पण प्लँटर वर नेणार नाही. म्हणजे तो बल्ज असला तरी या त्रासाचं कारण नाही. हात पूर्ण ठीक, म्हणून मान नव्हे. चेहरा, बोलणं, गिळणं ठीक, म्हणून त्याहून वरचं नव्हे. टाचणीची पातळी बेंबीशी. डोकं उचलायला लावलं की बेंबी वर सरकते, म्हणजे पोटाचे वरचे स्नायू काम करताहेत, खालचे नाहीत. याला बीव्हर साइन म्हणतात. खालचे पोटाचे रिफ्लेक्स गेलेले, वरचे आहेत. जागा : टी१० च्या आसपास मज्जारज्जू.

आता मागायचा तो डॉर्सल स्पाइनचा, म्हणजे छातीच्या मागच्या मणक्यांचा, एमआरआय, सोबत पूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग. दोन कारणांनी. एक, खालच्या छातीच्या भागात मज्जारज्जूचा सेगमेंट त्याच नंबरच्या मणक्यापेक्षा दोन-तीन मणके वर असतो. दोन, बाहेरून दाब येत असेल तर संवेदनेची पातळी खऱ्या जागेच्या बरीच खाली सापडू शकते. कारणं : मणक्याचा क्षयरोग, बाहेरून दाबणारी गाठ, रक्तवाहिन्यांतला फिस्च्युला (रोहिणी आणि नीला यांचा चुकीचा थेट जोड), डिमायलिनेशन (मज्जातंतूंवरचं आवरण जाणं). तुंबलेली लघवी म्हणजे कॅथेटर आणि तपासणी आजच, राउंडची वाट न बघता.

हे पान सकाळी फळ्यावर किंवा कागदावर सर्वांपुढे लिहून ठेवायचं. त्यावर सही आणि वेळ. नंतर खोडायचं नाही, चुकलं असलं तरी.

सावध : पावसाळ्यात शिराळा-वाळवा भागातून पहाटे पापण्या पडलेला, पोटात दुखणारा, बोलणं जड झालेला रुग्ण आला तर मण्यार आठवा. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, खूण अनेकदा दिसत नाही, दुखतही नाही. रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी नॉर्मल येते, कारण हे विष नस आणि स्नायूच्या जोडावर काम करतं. बाहुल्या मोठ्या आणि स्थिर होऊ शकतात, हातपाय हलत नाहीत, आणि आत रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो. अशा रुग्णाला 'ब्रेन स्टेम गेला' म्हणणं ही भयंकर चूक आहे. त्याच्या खाटेशी बोलताना तो ऐकतोय हे धरूनच बोला. श्वासाची व्यवस्था आणि प्रतिविष ताबडतोब, शिकवणं नंतर.

टप्पा ६ : खाटेपाशी

प्रत्येक रुग्णाला साधारण २५-३० मिनिटं. त्यातली सहा प्रेझेंटेशनला, दहा तपासणी दाखवायला, बाकी चर्चेला. चर्चा खाटेपासून दूर, खोलीबाहेर. 'ट्यूमर', 'मोटर न्यूरॉन', 'बायोप्सी' हे शब्द आता सगळ्यांना कळतात. खाटेपाशी उच्चारलेला 'ट्यूमर असू शकतो' दुपारपर्यंत गावात पोचतो, आणि रात्री घरचे रुग्णाला घेऊन निघून जातात.

क्रम असा : प्रेझेंट करणारा बोलतो. मग सगळ्यात ज्युनिअर रेसिडेंट जागा सांगतो, मग त्याच्या वरचा, शेवटी सीनिअर. हा क्रम उलटला की ज्युनिअर फक्त मान हलवतात. सीनिअरनं पहिल्या दहा मिनिटांत उत्तराचा इशारा देऊ नये, चेहऱ्यावरूनही. 'चूक' म्हणण्याऐवजी 'तसं असतं तर अजून काय सापडलं असतं?' असं विचारा. चुकीची जागा सांगणारा रेसिडेंट स्वतःच माघारी येतो आणि ती वाट त्याच्या लक्षात राहते.

सीनिअरनं एक खूण स्वतःच्या हातानं दाखवावी आणि लगेच दोघा रेसिडेंटना करायला लावावी. तीन जणांनी पाठोपाठ प्लँटर घासला की तळवा लाल होतो आणि रुग्ण पाय ओढायला लागतो, म्हणून दोनच. पडदा ओढा, अंग झाकलेलं ठेवा, स्त्री रुग्णाजवळ सिस्टर उभी हवी. हात प्रत्येक रुग्णाआधी आणि नंतर धुवा. हॅमर आणि फोर्कही पुसा. टाचणी दुसऱ्या रुग्णाला कधीच नाही.

निघण्याआधी सीनिअरनं खाटेजवळ बसून, उभं राहून नव्हे, रुग्णाला दोन-तीन वाक्यांत काय ठरलं ते सांगावं आणि विचारावं, "मी काय सांगितलं ते घरच्यांना तुम्ही कसं सांगाल?" उत्तरावरून समजलंय की नाही ते कळतं.

तपासा : जीबीएसचा (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय आणि कधी श्वासही लुळा पडण्याचा आजार) रुग्ण असेल तर राउंडमध्ये एका श्वासात मोजायला लावा, रोज त्याच भाषेत आणि त्याच वेगानं, आणि आकडा तक्त्यावर लिहा. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हापासून घरचेही याबद्दल विचारतात. ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत चांगला राहतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. फोर्स्ड व्हायटल कपॅसिटी (पूर्ण श्वास घेऊन जोरात बाहेर सोडलेली हवा) वजनाच्या किलोमागे २० मिलीच्या खाली गेली, मान उचलता येईना, खोकला क्षीण झाला, तर आयसीयू आत्ता.

टप्पा ७ : आता फिल्म उघडा

बाहेरच्या सेंटरची सीडी ऐन वेळी उघडत नाही, हे इतक्यांदा होतं की त्याला अपघात म्हणता येत नाही. आदल्या दिवशी सीडी कॉम्प्युटरवर कॉपी करून उघडून बघायचं काम प्रेझेंट न करणाऱ्या रेसिडेंटला द्या. म्हणजे प्रेझेंट करणाऱ्याच्या पानावर फिल्मची सावली पडत नाही. नातेवाइकांनी पिशवीत घडी घालून आणलेली फिल्म सपाट करून ठेवा, नाव-तारीख जुळवा. एकाच गावच्या, एकाच आडनावाच्या दोन रुग्णांच्या फिल्म बदलतात.

रिपोर्टचा कागद उलटा ठेवा. मेंदूच्या स्ट्रोकमध्ये डिफ्यूजन आणि एडीसी हे एमआरआयचे दोन सिक्वेन्स शेजारी-शेजारी बघा. डिफ्यूजनवर पांढरं आणि एडीसीवर काळं, तर ताजा इन्फार्क्ट संभवतो. एडीसीवरही पांढरं असेल तर ती जुन्या बदलाची टी२ ची चमक असू शकते. मग फ्लेअर, मग रक्ताचे डाग दाखवणारा सिक्वेन्स, मग रक्तवाहिन्या. फिटच्या रुग्णातल्या कडी-गाठीत (एमआरआयवर कडीसारखी उजळणारी गाठ) आत टेपवर्मचं डोकं दिसतं का ते शोधा. सिस्टीसरकोसिसची गाठ सहसा २० मिलिमीटरपेक्षा लहान आणि क्षयाची त्याहून मोठी असते, पण नुसत्या मापावर क्षयाची औषधं सुरू करू नका.

शेवटी फळ्यावरची जागा आणि फिल्मवरची जागा जुळते का ते मोठ्यानं म्हणा. जुळत नसेल तर फिल्म बरोबर आणि तपासणी चूक असं गृहीत धरू नका. चुकीचा भाग स्कॅन झाला असेल, फिल्मवरचा डाग जुना असेल, किंवा खरंच खूण चुकीची काढली असेल. पुन्हा खाटेकडे जाऊन तीच एक खूण बघा.

टप्पा ८ : केस कॉन्फरन्स

कॉन्फरन्सला रुग्ण एकच आणि चर्चा करणारा बाहेरचा, म्हणजे ज्यानं हा रुग्ण पाहिलेला नाही असा. त्याला दोन दिवस आधी हिस्टरी आणि तपासणी द्यायची, फिल्म आणि निदान नाही. स्लाइड बारापेक्षा जास्त नकोत. पहिल्या चारांत हिस्टरी आणि तपासणी, मग 'जागा?' एवढंच लिहिलेली कोरी स्लाइड, तिथे दहा मिनिटं थांबायचं. ती कोरी स्लाइड लोक वेळ वाचवायला उडवतात आणि कॉन्फरन्स नुसतं व्याख्यान होऊन बसते.

स्लाइडवर रुग्णाचं नाव, गाव, नोंदणी क्रमांक, फिल्मच्या कोपऱ्यातला मजकूर, काही राहू देऊ नका. लहान तालुक्यात वय, गाव आणि आजार एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. फिल्मचे आणि व्हिडिओचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत, 'फक्त विभागाचा ग्रुप' असला तरी.

टप्पा ९ : बाकीच्या मीटिंगा, थोडक्यात

*ईईजी.* डोक्याला तेल असेल तर इलेक्ट्रोड धरत नाहीत. आदल्या रात्री केस धुवून, तेल न लावता यायला लिहून द्या. इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स ५ ते १० किलोओहमच्या आत आणूनच रेकॉर्डिंग सुरू करा. वाचनात रेसिडेंटनं आधी बॅकग्राउंड, मग झोपेतले बदल, मग आर्टिफॅक्ट, आणि शेवटीच 'स्पाइक (फिटची शक्यता दाखवणारी टोकदार लाट) आहे का' बघावं. सुरुवातच स्पाइक शोधण्यानं झाली की प्रत्येक टोकदार लाट फिट वाटते.

*नर्व्ह कंडक्शन.* हिवाळ्यात सकाळी हात गार असतात आणि वेग खोटा कमी येतो. हाताची कातडी साधारण ३२ अंश सेल्सिअस होईपर्यंत कोमट पाण्यात किंवा पांघरुणात ठेवा. तापमान रिपोर्टवर लिहा.

*जर्नल क्लब.* एकच पेपर. प्रश्न एकच : आपल्या वॉर्डातल्या रुग्णावर हे लागू होतं का, परवडतं का, इथे मिळतं का?

*मृत्यू आणि गुंतागुंतीचा आढावा.* माणसांची नावं नाहीत, घड्याळाच्या वेळा मात्र सगळ्या. रुग्ण दारात कधी आला, सीटी कधी झाला, निर्णय कधी झाला, औषध कधी गेलं. कुठल्या दोन वेळांमध्ये मोठी दरी आहे ते बघा आणि ती दरी भरायला कोण, कधीपर्यंत, काय करणार ते लिहा.

टप्पा १० : राउंडनंतरचे चोवीस तास

राउंडमध्ये ठरलेल्या गोष्टी हवेत राहू नयेत म्हणून शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. एक रेसिडेंट वहीत लिहितो : रुग्ण, काय करायचं, कुणी, कधीपर्यंत. रात्रीच्या ड्यूटीला हीच वही हातात द्यायची. तोंडी दिलेला निरोप पहाटेपर्यंत टिकत नाही.

फळ्यावरच्या पानाचा फोटो नव्हे, मूळ कागद फाइलला लावा. बायोप्सी, पाठीतल्या पाण्याची (सीएसएफ) तपासणी, ऑपरेशनचा निष्कर्ष आला की त्याच कागदाखाली तारीख घालून लिहा. लांबच्या गावचा रुग्ण डिस्चार्जनंतर ओपीडीला येत नाही. भाडं, उसाची तोड, घरचं काम, कारणं खरी असतात. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच चालू असलेला फोन नंबर, शक्यतो घरातल्या दोघांचे, लिहून घ्या, आणि तीन महिन्यांनी त्याच रेसिडेंटनं फोन करावा. पहिला प्रश्न : "आता चप्पल पायात राहते का?"